मुलाखतीतले शब्द आणि मंचावरची गाणी

सामान्य माणसांच्या मुलाखतींना गाणी जोडली की त्यांचा खरेपणा हरवतो, हे मत मला पूर्णपणे पटत नाही. अमेरिकी लेखक स्टड्स टर्केल यांनी घेतलेल्या अमेरिकी कामकऱ्यांच्या मुलाखतींचे 'वर्किंग' हे पुस्तक १९७४ मध्ये आले आणि संगीतकार स्टीफन श्वार्ट्झ यांनी त्यावर संगीत नाटक रचले. १९७८ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध व्यावसायिक रंगभूमीवर, ते अवघ्या २४ प्रयोगांत बंद पडले, हे खरे आहे. तरीही त्यातली वेट्रेस आठवावी. आपण बशी ठेवतो तेव्हा आवाजसुद्धा होत नाही, असे ती सांगते. पुस्तकात हे वाक्य वाचून आपण पुढे जातो, पण मंचावर ती बशी खरोखर टेबलावर टेकते तेव्हा तिचा कामाविषयीचा अभिमान प्रेक्षकापर्यंत थेट पोहोचतो. पोलाद कामगाराला एम्पायर स्टेट इमारतीवर वरपासून खालपर्यंत, ती बांधणाऱ्यांच्या नावांची पट्टी हवी असते. इतकी मोठी इच्छा गाण्यात अधिक मोकळी होते, असे मला मनापासून वाटते. माझी खरी तक्रार मंचासाठी होणाऱ्या मुलाखतींच्या काटछाटीबद्दल आहे, कारण बोलता बोलता माणूस अडखळतो, मागे वळतो, स्वतःचेच म्हणणे खोडतो आणि छोट्या स्वगतात नेमके तेवढेच गळून जाते.