दहावी ९४: हजेरी घ्या न बाप्पा कोणीतरी

रोल नं. १२
परवा घर शाकारायले काढलं म्हणून माळ्यावरची बाबांची लोखंडी पेटी खाली उतरवली. जुने सातबारे, फेडरेशनच्या कापसाच्या पावत्या, अन सगळ्यात खाली आपला दहावीच्या निरोपाचा फोटो, १९९४ चा. डावा कोपरा उधईनं खाल्ला, त्यामुळं मागच्या रांगेतल्या तिघांच्या नुसत्या पँटा दिसते. फोटोच्या पाठीवर २३ नंबरनं निळ्या शाईत सगळ्यांचे नंबर लिहून ठेवले, रांगेनुसार. मी पेन घेऊन बसलो, कोण कुठं हाय ते पुढं लिहू म्हटलं. सात नंबरांपुढं काही लिहिताच आलं नाही. मंग चहा थंडा झाला म्हणून बायको बोंबलली.
तर सांगा, कोण काय करून रायलं. अन जे गेले त्यांचीही एखादी गोष्ट. नावं नको, सर बोलवत तसं नंबरानंच. माझं म्हणाल तर साडेतीन एकर, दोन म्हशी, पोरगी यवतमाळले नर्सिंगले.

रोल नं. ३१
पँटीवरून ओळखू येते बे. गुडघ्यावर ठिगळ असन तर मी.

रोल नं. १२
तिघांच्याही आहे.

रोल नं. ४०
भाकरी टाकता टाकता लिहून रायली, चुकलं तर समजून घ्या. २३ आमच्याच गल्लीतला. हजेरीले दुसऱ्यांचं हजर म्हणाचा तो, पाच पाच आवाज काढाचा. एकदा ४४ चं बायकी आवाजात हजर म्हटलं अन ४४ समोरच्या बाकावर बसून! सर म्हणे, एका पोरीचे दोन आवाज कसे रे. छडी खाल्ली, पण शेवटपर्यंत हासतच होता. मी दारव्ह्यालेच आहे, शिवणकाम, आता गुडघे दुखते.

रोल नं. ४४
हाव, मीच ती. चार दिवस बोलली नाही मी त्याच्याशी.

रोल नं. २६
शकुंतलेची, आपल्या छोट्या रेल्वेची, आठवण कोणी काढली नाही अजून? लाडखेडहून कधीमधी आम्ही त्या गाडीनंच येत होतो, चढावर पोट्टे खाली उतरून बोरं तोडून परत डब्यात चढत. आपली परीक्षा मार्चात झाली अन एप्रिलात वाफेचं इंजिन काढून डिझेलचं लावलं. मी सगळ्यायले सांगतो, आम्ही पास होऊन गेलो म्हणून इंजिन रिटायर झालं. आता तर गाडीच नाही, रुळावर बेशरमाची झाडं. मी एसटीत कंडक्टर, चौदा वर्षं झाली.

रोल नं. ३१
पास होऊन?? तुझं गणित ऑक्टोबरले निघालं भाऊ.

रोल नं. २६
इंग्रजी पण. सगळ्यायसमोर कायले काढतं.

रोल नं. ८
मी चाकणला, कंपनीत सुपरवायझर. इथे राहून भाषा बिघडली असं गावचे म्हणतात, असो. १७ नंबर आणि मी अकरा वर्षं एका खोलीत काढली, नंतर लग्नं झाली तरी बाजूबाजूलाच. २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. रात्रभर मी बेडसाठी फोन लावत होतो, एक जण म्हणायचा सकाळी करा, दुसरा म्हणायचा नाव लिहून ठेवतो. पहाटे बेड मिळाला पण तोपर्यंत उशीर झालेला. गावी आणताही आलं नाही. त्याचा जेवणाचा डबा माझ्याकडे राहून गेला, झाकणावर खिळ्याने १७ कोरलेलं आहे, कंपनीत डबे अदलाबदल होतात म्हणून. मी तोच नेतो. नवीन पोरं विचारतात साहेब हा नंबर कसला. काय सांगणार.

रोल नं. ४०
माय वं. हे माहीतच नव्हतं.

रोल नं. ५
९ नंबरचं सांगतो. २०१७ चा फवारणीचा काळ, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात किती जण गेले ते सगळ्यायले माहीत आहे. त्या साली कापसाची पऱ्हाटी डोक्यापर्यंत गेलती, फवारा वर धरला की सगळं तोंडावरच येते. उकाडा असा की तोंडाले दुपट्टा बांधवत नव्हता, त्यात दोन तीन औषधं एकातच कालवलेली. हा दुसऱ्याच्या वावरात रोजानं गेलता, त्याचं सोताचं फवारणं राहूनच गेलं होतं. संध्याकाळी म्हणे डोळ्यासमोर धुकं दिसते. आम्ही म्हटलं झोप, थकला असशील. हेच खटकते मले अजून. झोप म्हटलं.

रोल नं. १२
तुले काय माहीत होतं भाऊ, कोणालेच नव्हतं.

रोल नं. ३५
कापूस कोणी विकला काय? २०२५-२६ चा हमीभाव ८११० अन आमच्याकडं खेडा खरेदीवाला त्याच्या लय खाली मागून रायला, वरून म्हणते ओला आहे. विषय दुसरा चालू आहे माहीत आहे पण घरात ठेवाले जागा नाही, पोट्टे कापसावरच झोपते.

रोल नं. ३१
थांब थोडा. अन झोपू दे पोट्टे, गादीचे पैसे वाचले.

रोल नं. ४४
३८ कोणाले आठवते? तिची हळद अन भूमितीचा पेपर एकाच दिवशी. पिवळे हात घेऊन आली, उत्तरपत्रिकेले डाग पडला तर सुपरवायझर म्हणे हे काय सांडवलं. ती म्हणे, सर, लगन आहे. वर्गात कोणी हासलं नाही, सरच बिचारे खिडकीजवळ जाऊन उभे रायले. तिसऱ्या वर्षी पहिल्या बाळंतपणात गेली, नाल्याले पूर होता, बैलबंडी अलीकडंच थांबली. भूमितीत माझ्यापेक्षा जास्त मार्क होते तिले. मी अंगणवाडीत आहे, पुरामुळं कोणती बाई अडकू नये म्हणून पावसाळा लागायच्या आधीच तारखा पाहून एकेकीले तालुक्याले नातेवाईकाकडं पाठवते, लोक म्हणते बाई लय घाई करते.

रोल नं. ८
ताई, हे कधी बोलली नाहीस.

रोल नं. ४४
कोण विचारलं?

रोल नं. २६
२३ ची पोळ्याची झडती, तोरणाखाली म्हणतात ते गाणं! गणिताच्या सरांवरची:
पाटी फुटली, पेन्सिल तुटली,
सरांची टोपी वाऱ्यानं सुटली,
टोपी गेली नाल्याच्या पार,
पोट्टे म्हणे आज इतवार!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!
तोरणाखाली सगळ्या गावासमोर म्हटली, अन सर तिथंच उभे, सोताच्या बैलाजोडीसंग.

रोल नं. १२
अन सर सगळ्यात जोरात हासले. त्याचं पुढचं तर सगळ्यायले माहीत आहे. २००६, जुलैत शेतकरी आत्महत्या थांबवाले ३७५० कोटीचं पॅकेज जाहीर झालं, अन हा पोळ्याच्या चार दिवस आधी. बैल रंगवाचा गेरू आणून ठेवलेला, पुडी तशीच. त्याची माय आहे अजून, ऐंशीच्या वर. बैल नाही आता, पाटावर मातीची जोडी मांडते. यंदा गेलो तर म्हणे, तुमच्यातला कोणी फोन करत नाही रे. मी म्हटलं तुझाच लागत नाही माय. पाहतो तर रिचार्ज संपून दोन महिने झालेले.

रोल नं. ३५
नंबर पाठव पर्सनलवर.

रोल नं. ४०
मलेही पाठव. अन तिले वांग्याचं भरीत आवडते, सांबार म्हणजे कोथिंबीर जास्त टाकून. सोमवारी जाईन म्हणते, कोणाची गाडी आहे काय तिकडं?

रोल नं. २६
माझी सकाळची एसटी आहे ना, या. डबा मांडीवर ठेवा, रस्ता लय खराब.

रोल नं. ८
मी मारला रिचार्ज, तीन महिन्यांचा.

रोल नं. ३१
मीपण मारला आत्ताच.

रोल नं. ३५
अबे मीपण.

रोल नं. १२
बस करा! मायचा फोन आलता, म्हणे मोबाइल सारखा टुंगटुंग वाजून रायला, बिघडला काय. आता रिचार्ज नको, बोला कोणीतरी तिच्यासंग. संध्याकाळी सातच्या आधी करजा, मंग झोपते ती.