प्रति: हापूसच्या बागेवरच्या तारा आणि पेशी

बागेवरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारांचं विद्युतक्षेत्र पेशीत शिरून संदेशवाहक रेणूंना ढकलतं का, असं वर विचारलंय. थेट ढकलत नाही. पेशीतलं पाणी खारट, आयनांनी भरलेलं, त्यामुळे बाहेरचं संथ (हळू बदलणारं) क्षेत्र आत जवळजवळ पोचतच नाही. खरा खेळ पटलावर, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणावर. मज्जापेशीच्या (चेतापेशीच्या) पटलावर साधारण ७० मिलिव्होल्ट असतात, पण जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. भागाकार करा, मीटरला १.४ कोटी व्होल्ट! हा ताण थोडा बदलला की कॅल्शियमची दारं उघडतात. बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त, त्यामुळे ते आत घुसतं आणि पुढचा निरोप तेच पोचवतं.

शरीरात खरंच काम करणारं विद्युतक्षेत्र बघायचं, तर जखम बघा. आमच्याकडे मालवणात ओहोटीला कालवं काढताना पाय कापला नाही असा माणूस विरळा. (माझ्या टाचेवर तीन वण आहेत.) कापलेल्या कातडीतून विजेचा बारीक प्रवाह गळतो आणि जखमेशी मिलिमीटरला सुमारे १०० मिलिव्होल्टचं क्षेत्र तयार होतं. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ डू बॉय-रेमों यांनी १८४३ मध्ये स्वतःच्या कापलेल्या बोटावर हा प्रवाह मोजला होता. भोवतालच्या पेशी त्या क्षेत्राच्या रोखाने सरकतात. त्यांच्या पुढच्या टोकाला पीआय-३-कायनेज हे विकर (एन्झाइम) जास्त कामाला लागतं. ते बंद पाडलं तर दिशा धरणं ढेपाळतं, असं २००६ च्या प्रयोगांत दिसलं.

तारांचं म्हणाल, तर त्यांच्या क्षेत्राचा शरीराच्या आत उरणारा भाग या जखमेच्या क्षेत्रापुढे अगदीच किरकोळ. मोहोर गळतोय तर तारांना दोष देण्याआधी तुडतुडे (मोहोराचा रस शोषणारे किडे) बघा.