स्टेशनरी: शेवटी ‘ए’ की ‘ई’?

मुद्रितवाली
छापखान्यात मुद्रितं तपासते. परवा वह्या-पेनांच्या इंग्रजी यादीत स्टेशनरीचं स्पेलिंग एआरवाय आलं. मी ईआरवाय केलं, मालकांनी पुन्हा ए केलं. म्हणाले, “ताई, शब्द स्टेशनवरून आला. त्यात ए आहे, मग पुढेही एच.” कोश काढून दाखवला: एआरवाय म्हणजे जागचं न हलणारं, ईआरवाय म्हणजे कागद-पेन. तर म्हणाले, “गिऱ्हाइकाला कळल्याशी कारण.” यादी तशीच छापली गेली, ते अजून मनाला लागून आहे. उच्चार एकच, देवनागरीतही फरक नाही. आपल्या माणसाच्या डोक्यात पक्की बसेल अशी काही खूण आहे का?

जुने मास्तर
बेकर-बेकरी, ड्रेपर-ड्रेपरी, तसं स्टेशनर-स्टेशनरी. दुकानदाराच्या नावात ईआर, म्हणून मालातही ईआर. वर्गात हेच सांगायचो. पण मालक अगदीच चुकले नाहीत हो. मध्ययुगीन लॅटिनमध्ये स्टेशनरियस म्हणजे एका जागी दुकान थाटून बसलेला, फेरीवाला नव्हे. विद्यापीठांच्या आसपास हे लोक पुस्तकं विकत. लंडनमध्ये त्यांचा संघ 1403 मध्ये झाला, 1557 मध्ये त्याला राजसनद मिळाली. म्हणजे कागद-पेन आणि रेल्वेचं स्टेशन एकाच घरातले.

खाडीपलीकडे
मग ठाणंही त्याच घरातलं! लॅटिनमधलं ते मूळ ‘उभं राहणे’ या अर्थाचं, आपल्या ‘स्था’चं भावंड. स्थान, स्थिर, पोलीस ठाणं, ठाण मांडणं, सगळी एकाच कुळातली. स्टेशनर म्हणजे ठाण मांडून बसलेला वाणी. ताई, खूण हवी तर ‘अचल’ धरा. अचलचा अ रोमनमध्ये लिहिताना ए होतो, तोच न हलणाऱ्याचा ए.

निळी शाई
एवढी कसरत कशाला? लेखनसामग्री म्हणा. मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय असं शासनाच्या खात्याचं नावच आहे. चांगला शब्द हाताशी असताना परक्याचं स्पेलिंग का सांभाळायचं?

कृष्णाकाठ
यादी इंग्रजीत आहे, तिथे लेखनसामग्री कशी बसवणार? आणि दुकानात जाऊन कोण म्हणतं, “लेखनसामग्री द्या”? आमच्या गावात पाटीच असते ‘स्टेशनरी व कटलरी’. त्या कटलरीत टिकल्या, बांगड्या, रिबिनी, पावडरचे डबे. काटे-चमचे औषधालाही नाहीत.

लीड्सहून
अगदी! इथे आले त्या वर्षी मोठ्या दुकानात ‘कटलरी’ची पाटी बघून केसांच्या पिना शोधत गेले. समोर नुसते सुऱ्या-काटे. विक्रेतीला विचारलं तर तिला माझा प्रश्नच कळेना. लहानपणापासूनचा शब्द परका निघाला, फार वाईट वाटलं.

जुने मास्तर
मूळ लॅटिन कुल्टर, म्हणजे सुरी. कटलर म्हणजे सुऱ्या करणारा. टिकलीला कटलरी म्हणणं चूकच.

कृष्णाकाठ
मास्तर, मान्य नाही. माझ्या आईनं चाळीस वर्षं कटलरीचं दुकान चालवलं. गावातली एकही बाई तिथं सुरी मागायला आली नाही. तो शब्द आता मराठी आहे, आणि त्याचा अर्थ ठरवायचा हक्क त्या बायांचा.

निळी शाई
मग मुद्रितवालीच्या मालकांचं “गिऱ्हाइकाला कळल्याशी कारण” तरी चूक कसं म्हणणार?

कृष्णाकाठ
ते इंग्रजी छापत होते. आई मराठी बोलत होती.