कॉलेजात आंतरराष्ट्रीय संस्कृती-इतिहास सप्ताह घ्यायचाय, खान्देशातून काय मांडता येईल?

तापीकाठ
राम राम मंडळी. आमच्या इतिहास विभागाला फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय संस्कृती आणि इतिहास असा सप्ताह घ्यायचाय आणि नियोजन आम्हा एमएच्या पोरापोरींकडे दिलंय. आतापर्यंत जिथे जिथे असं पाहिलं तिथे झेंडे लावायचे, किमोनो-बिमोनो घालून रॅम्पवॉक, नूडल्सचा स्टॉल, फोटो, संपलं. ज्याचा झेंडा लावला त्या देशाबद्दल कोणालाच काही कळत नाही. मला ते खरंच नकोय. आमच्याकडे परदेशी विद्यार्थी एकही नाही, बजेट जेमतेम, आणि बहुतेक पोरं यावल-रावेर-चोपड्याकडची, घरी अहिराणी, लेवा बोली नाहीतर पावरी बोलणारी. त्यांना वाटलं पाहिजे की जगाच्या इतिहासात आपलंही काहीतरी आहे. कोणी असं काही केलंय का?

धुळेकर_मास्तर
तारीख तुमच्या हातात असेल तर २१ ते २७ फेब्रुवारी घ्या. २७ ला मराठी भाषा गौरव दिन असतोच, पण २१ ला आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन, आणि त्याचा उगमच एका विद्यापीठात आहे हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत. १९५२ साली ढाक्यात बंगालीला राजभाषेचा दर्जा द्या म्हणून विद्यार्थी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात अबुल बरकत नावाचा ढाका विद्यापीठाचा एमएचा विद्यार्थी गेला, म्हणजे तुमच्याच वर्गातला म्हणा ना. त्याच्यासोबत आणखीही गेले. युनेस्कोने १९९९ मध्ये तो दिवस जाहीर केला. ही हकिगत नीट, सावकाश सांगा आणि मग त्याच स्टेजवर पोरांना आपापल्या बोलीत बोलू द्या. पावरी बोलणाऱ्या पोराला आधी माईक द्या, शेवटी नको, शेवटी वेळ संपतो आणि नेमकं तेच राहून जातं. हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय आणि दरवेळी वाईट वाटतं.

चाळीसगावची_लेक
मास्तरांना अनुमोदन. माझा मुद्दा आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे त्याचा, आणि शेवटच्या काही ओळी तर चक्क जुन्या मराठीत आहेत. म्हणजे आपल्या तालुक्यात आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवायची सोय होती भाऊ! आता आंतरराष्ट्रीय कसं ते बघा. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथाचं फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलं आणि कोलब्रुकचं इंग्रजी भाषांतर १८१७ ला लंडनमध्ये छापलं गेलं.

तर एक कार्यक्रम असा करा, लीलावतीतलं भुंग्यांचं गणित घ्या. थव्यातले एक पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्रावर, या दोघांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा केतकी-मालतीच्या वासाने हवेतच भिरभिरत राहिला, तर एकूण किती? उत्तर १५. हे आधी संस्कृतात म्हणायचं, मग फारसीत, मग इंग्रजीत, मग अहिराणीत आपल्यातल्या कोणीतरी नवीन लिहायचं. फारसीसाठी पुण्यात शिकणाऱ्या अफगाण किंवा इराणी विद्यार्थ्याला विचारा, आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) स्कॉलरशिपवर बऱ्याच देशांची मुलं तिकडे येतात, व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं वाचलं तरी हॉल गप्प होईल बघा. फक्त त्याला पोशाख घालून ये वगैरे सांगू नका, पाहुणा म्हणून बोलवा, त्याच्या शहराबद्दल काय सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या.

रावेर_रोड
फैजपूर विसरले का सगळे? १९३६ चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. नंदलाल बोस शांतिनिकेतनहून आले आणि बांबू-चटई असल्या इथल्याच साहित्यातून नगर उभारलं. आणि अध्यक्ष नेहरू भाषणात बोलले कशावर, तर स्पेनच्या यादवी युद्धावर सुद्धा! केळीच्या मुलखात बसून शेतकऱ्यांनी तेव्हा स्पेनचं ऐकलंय. ते भाषण आणि स्पेनचा नकाशा शेजारी शेजारी लावा, एवढं एक पोस्टर पुरे. अजिंठ्याबद्दल सगळेच बोलतात म्हणून मी बोलत नाही.

तापीकाठ
खूप धन्यवाद सगळ्यांना, मनापासून. भुंग्यांचं गणित विभागात बोलून दाखवलं तर गणितवाले सर पण यायला तयार झाले. आमच्या वर्गात एक पावरी बोलणारी मुलगी आहे, तिला विचारलं तर म्हणाली आजीला घेऊन येते, गाणी तिलाच येतात. म्हणजे २१ तारखेची सुरुवात आजीनेच. रॅम्पवॉक रद्द करा असं विभागात सांगितलं तर थोडी कुरकुर झाली, पण होईल. पाटणादेवीला एक दिवस सहल काढावी असं चाललंय, चालेल ना?

चाळीसगावची_लेक
काढाच. चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटर. तो भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याशी आधी बोलून ठेवा आणि सकाळी लवकर निघा. शिलालेखाचं छापील वाचन सोबत न्या, नाहीतर पोरं दर्शन घेऊन परत येतील. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचारा, अशा गोष्टींची मदत तिथे मिळू शकेल. आजींच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग मात्र त्यांची परवानगी घेऊनच करा, आणि एक कॉपी त्यांच्या घरी द्या.