लांबची सायकल सफर: कुठे अडलात, पुढे काय केलंत?

पावसाळा सरत आला की सायकलवाले नकाशे उघडून बसतात. कुणाचं किनाऱ्याने गोवा, कुणाचं पंढरपूर, कुणाचं थेट कन्याकुमारी. पोचल्याचे फोटो आपण भरपूर बघतो, म्हणून हा धागा अडलेल्यांसाठी. बेत कुठे फसला, वाटेत काय मोडलं, घरून काय आडवं आलं, आणि पुन्हा निघालात तर काय बदललंत, ते लिहा. माझ्यापासून सुरुवात करते.

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि पुढे किनारा धरून गोव्याच्या सीमेवरचं तेरेखोल, असा बेत होता. नकाशात हा रस्ता समुद्राच्या कडेने निवांत जातो. प्रत्यक्षात दर खाडीला पाण्यापर्यंत उतरायचं, जेटीवरून पलीकडे जायचं आणि लगेच जांभ्याच्या सड्यावर चढायचं. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सगळीकडे तेच. घाट एकदा चढला की संपतो तरी. हे चढ दिवसभर पुरतात. दिवसाला शंभर किमी हे गणित देशावरचं, कोकणात साठ-सत्तर धरावेत.

गुहागर सोडल्यावर टायर बाजूने फाटला. गावातल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर होता, पण त्याची नळी मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हची. माझ्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह. जाड व्हॉल्व्हची ट्यूब टाकावी, तर रिमचं भोक लहान. त्याने थोडा वेळ नुसतंच चाक फिरवून बघितलं. मग जुन्या ट्यूबचा चौकोनी तुकडा कापला, कडा घासून पातळ केल्या, टायरला आतून गेटर, म्हणजे फाटल्या जागी ठिगळ, दिला आणि माझ्याच हातपंपाने हवा भरली. पैसे घेताना म्हणाला, “मॅडम, गोव्याचं काय बोलू नका, रत्नागिरीपर्यंत जाल.” अगदी तसंच झालं. तिथून कोकण रेल्वेने परत.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा निघाले तेव्हा सोबत नखाएवढा पितळी अ‍ॅडाप्टर होता. तो प्रेस्टावर फिरवला की मोटरसायकलवाली नळीही बसते. शिवाय प्रत्येक मुक्कामाजवळचं स्टेशन वहीत लिहून नेलं: चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ. किनाऱ्यापासून ही आत आहेत, म्हणजे माघार घ्यायलाही चढ आहेच! पण वही खिशात असल्यामुळे उगाच धास्ती वाटली नाही, आणि तेरेखोलची खाडी दिसली.

*

ताई, मी ब्रेव्हेवाला, म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायच्या सायकल सफरी करणारा. आमच्याकडे घड्याळ असतं. 200 किमीला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40. चारही एका हंगामात केल्या की ‘सुपर रँडोनिअर’ हा किताब. माझी गाडी 600 वर अडायची, आणि पाय चांगले असताना. दुसऱ्या रात्री करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं, गिअर बदलायला अख्खा हात फिरवावा लागायचा. घरी आल्यावर शर्टाचं बटण लागेना, तेव्हा बायकोने डॉक्टर गाठला. तळहाताच्या कडेची नस दाबली जात होती. हँडल थोडं वर घेतलं, टेप दुहेरी गुंडाळली, आणि दर अर्ध्या तासाला हात जागचे हलवायचा नियम केला. 600 झाली. लोक पेट्रोल पंपावरच्या डुलकीबद्दल विचारतात. ती घ्यावी, पण गजर लावून.

*

नाशिकहून. वय विचारू नका, नातवंडं आहेत. पंढरपूरला सायकलने जायचं मनात होतं. आधी सासूबाईंचं ऑपरेशन, मग लेकीचं बाळंतपण, आणि मोकळी झाले तेव्हा गुडघा. वीस-पंचवीस किमी झाले की वाटीच्या पुढे ठणका. सगळे म्हणाले, आता एसटीने जा. क्लबातल्या एका मुलाने मला सायकलवर बसवून पेडल खाली नेलं आणि म्हणाला, “काकू, सीट फार खाली आहे.” दुकानातून आणली तेव्हा पाय टेकायला सोपं म्हणून तशीच ठेवून दिलेली. पेडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. पुढून दुखलं तर सीट बहुधा खाली असते, मागून दुखलं तर वर. बोटभर वर घेतली, ठणका गेला. जुनं दुखणं असेल तर डॉक्टरला दाखवाच, पण आधी सीट बघा.

आषाढीच्या आधी निघालो. पाऊस सोबतीला होताच. पुढच्या वर्षी सूनबाई येते म्हणतेय.

*

म्युनिकहून लिहितोय. इकडे पासाउ ते व्हिएन्ना हा डॅन्यूबकाठचा रस्ता नवशिक्यांचा मानला जातो: नदीच्या प्रवाहाबरोबर उतार, आणि वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. 2024 च्या सप्टेंबरमध्ये निघालो आणि लिंझपर्यंत येतोय तोच ऑस्ट्रियात महापूर आला. पुढे व्हिएन्नाकडच्या रेल्वेमार्गावरही पाणी होतं. सायकलचं वेगळं तिकीट काढून मागे फिरलो. घरी आईचा फोन: “बरं झालं, तिकडे कशाला मरायला गेला होतास?” पुढच्या जुलैत लिंझपासूनच पुन्हा सुरुवात केली. पहिला तुकडा परत करायला हवा होता का यावर मित्रांशी वाद झाला. माझ्या मते नाही. मेल्क ते क्रेम्सचा टप्पा जर्दाळूंच्या दिवसांत करावा. रस्त्याकडेला पेट्या मांडलेल्या असतात आणि सरासरी वेगाची वाट लागते.

*

रत्नागिरीहून सायकल परत कशी आणलीत? मला तिथेच धडकी भरते.

*

पार्सल ऑफिसात सामान म्हणून नोंदवायची, ती ब्रेक व्हॅनमधून येते. तासभर आधी जा. नाव, फोन आणि उतरण्याचं स्टेशन जाड पुठ्ठ्यावर लिहून फ्रेमला दोन ठिकाणी बांधा. जिथे गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते तिथे चढवायची-उतरवायची कटकट होते, म्हणून मोठं स्टेशन धरा. डिरेलरला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाला, जुनी चादर गुंडाळा. पेडलं काढून जवळ ठेवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. पान्यावर उभं राहण्याआधी तेवढं बघा.