मॅक एजिंग शून्य करा म्हणणाऱ्यांना

उद्यमनगर: काल इथं एकानं लिहिलं, "सगळ्या स्विचवर एजिंग शून्य करा, नोंद कधी उडणार नाही, ताप गेला." वाचून राहवलं नाही. कुठलं यंत्र (त्याचा मॅक पत्ता) कुठल्या पोर्टावर आहे ते स्विच टेबलात नोंदवतो; यंत्र गप्प राहिलं तर नोंद किती वेळानं पुसायची ते एजिंग, शून्य म्हणजे कधीच नाही. एका मंगल कार्यालयात असाच शून्य केलेला स्विच मी बघितलाय. 8192 पत्त्यांचं टेबल, लग्नाला 600 फोन. चौदाव्या लग्नात टेबल भरलं. नवा पत्ता शिकायला जागाच नाही, मग त्याचं ट्रॅफिक सगळ्या पोर्टांवर.

शिरोली: ते लिहिणारा मीच. मंगल कार्यालय आणि फौंड्री एकच काय? आमच्याकडं मशीन वर्षानुवर्षं तीच. 300 सेकंदांत नोंद उडते आणि ट्रॅफिक पुरागत पसरतंय. जुन्या सीएनसीची (संगणकावर चालणाऱ्या मशीनची) नेटवर्क कार्डं 10 एमबीपीएसची, गुदमरतात. दोन रात्रपाळ्या घालवल्यात मी.

उद्यमनगर: तुमच्याकडं दोन कोअर (मधले मुख्य स्विच) आहेत ना? जायची वाट एकीकडनं, यायची दुसरीकडनं. एका कोअरला मशीनची फ्रेम (डेटाचं पाकीट) दिसतच नाही. तिथं एआरपी (आयपी पत्त्याला मॅक पत्ता जोडणारी नोंद) 4 तास राहतो, मॅक 5 मिनिटांत जातो. एआरपी 300 सेकंदांच्या खाली आणा, नाहीतर एजिंग 14400 च्या वर न्या; म्हणजे मॅकची नोंद उडण्याआधी एआरपी मशीनला बोलतं करेल. शून्य कशाला?

गोकुळ शिरगाव: आकड्यांवर भांडू नका. सकाळी ऑफिसातले पीसी चालू झाले की, पोर्टफास्ट (या पोर्टावर नुसता पीसी आहे असं स्विचला सांगणारी सेटिंग) नसेल तर, दर पीसीला टोपॉलॉजी चेंज, म्हणजे नेटवर्कची मांडणी बदलल्याची सूचना. जुन्या एसटीपीत (स्विचमधलं वेटोळं टाळणारी पद्धत) एजिंग 15 सेकंदांवर येतं, रॅपिडमध्ये नोंदी लगेच पुसतात. पण पोर्टफास्ट लावायचं कसं? स्विच बसवणारा पासवर्डच देत नाही.

शिरोली: पासवर्डचं बोलूच नका! बिल भागवून चार महिने मागं लागलो. शेवटी रीसेट मारून सगळं नव्यानं मांडलं.

राजारामपुरी: मी बसवणारा आहे. पासवर्ड दिला की कुणीतरी हात घालतंय आणि रात्री 2 ला फोन मला. पैसे कोण देतं त्याचे?

शिरोली: म्हणून आमचा माल आमच्यापासनंच लपवायचा?

राजारामपुरी: लपवत नाही. बदल केला तर लिहून ठेवा, एवढंच मागतो. आजवर एकानंही ठेवलं नाही.

गोकुळ शिरगाव: आधी केबलला नंबर तुम्ही टाका, मग आम्ही लिहितो.

शिरोली: कोअर परत 300 वर आणून एआरपी 270 केला. पूर थांबला, मान्य. पण मशीनच्या स्विचवर शून्यच ठेवणार.

उद्यमनगर: ठेवा. पण मशीन मधल्या छोट्या स्विचवरनं काढून दुसरीकडं जोडलं आणि ते स्वतःहून बोललं नाही, तर मोठ्या स्विचचं पोर्ट चालूच, नोंद जुनीच. क्लिअर मारावं (नोंद हातानं पुसावी) लागेल. रात्रपाळीच्या माणसाकडं पासवर्ड असू द्या.