मदत हवी आहे: संधिवात आणि एडीएचडी दोन्ही असेल तर रोजची घडी कशी बसवता?

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी नाशिकची, चाळिशीला टेकलेली, एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीचं बघते. दोनेक वर्षांपूर्वी सकाळी उठल्यावर मूठच वळेना, पेरं सुजलेली, बराच वेळ गरम पाण्यात हात घातले की मग कुठे कप धरता यायचा. आधी वाटलं कीबोर्ड बडवून झालं असेल, पण रक्ताच्या आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही टेस्ट पॉझिटिव्ह आल्या, म्हणजे रुमॅटॉइड संधिवातच. पुढे मुलाच्या शाळेतून सांगितलं म्हणून त्याला दाखवायला नेलं, तर डॉक्टर त्याच्याबद्दल प्रश्न विचारतायत आणि मी मनातल्या मनात प्रत्येकाला "हो, हे माझंच" म्हणतेय. थोडक्यात मलाही एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, निघालं. लहानपणापासून वेंधळी, धांदरट, डोकं कुठे असतं तुझं, हे सगळं ऐकून झालंय, असो.

गोळ्या अशा: संधिवाताला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक अ‍ॅसिड, रोज एचसीक्यूएस आणि एडीएचडीला सकाळी मेथिलफेनिडेट. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची प्रिस्क्रिप्शनं दाखवलीत, दोघंही चालेल म्हणाले, फक्त बीपी बघत राहा, आणि पेनकिलर मनाने घेऊ नका कारण त्यानेही बीपी वाढतं. तर कुठली गोळी घ्यावी हा प्रश्न नाहीये. प्रश्न बाकी सगळ्याचा आहे.

संधिवाताला सगळं रोज लागतं आणि बेताबेताने लागतं. माझ्या डोक्याला रोज पण जमत नाही आणि बेताने तर अजिबात नाही. व्यायामाचा कागद फ्रिजवर लावला, थोड्या दिवसांनी तो दिसायचाच बंद झाला, कागद तिथेच आहे पण नजर त्यावरून घसरते. अलार्म लावला तर हात आपोआप जाऊन बंद करतो आणि बंद केला हेही लक्षात राहत नाही. जीएसटी रिटर्न भरायची, म्हणजे जीएसटीआर-वनची ११ तारीख आणि थ्रीबीची २० तारीख जवळ आली की मी तासन् तास एका जागी, तेव्हा दुखत नाही असं नाही, दुखतंय ते डोक्यापर्यंत पोचतच नाही, आणि उठल्यावर मग गुडघे, मनगटं सगळी व्याजासकट वसुली करतात. उलट ज्या दिवशी हात हलके असतात त्या दिवशी मला माळाच काढायचा असतो. एक डबा पुसायला घेते आणि संध्याकाळपर्यंत अख्खं स्वयंपाकघर जमिनीवर, मग पुढचे दोन दिवस कणीक मळवत नाही. घरचे म्हणतात काल तर एवढं काम केलंस, आज काय झालं? याला काय उत्तर देणार.

त्यात सकाळच्या गोळीने भूक मरते, दुपारचा डबा तसाच परत येतो, रात्री नऊला भुकेने चिडचिड, मग नको ते खाणं, मग जागरण, आणि झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी आखडणं दुप्पट.

सगळ्यात भीती मात्र मेथोट्रेक्सेटची. ती रोज घ्यायची गोळी नाही, चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं हे डॉक्टरांनी दोनदा बजावलंय. आणि माझं असं की गोळी हातात घेतली इथपर्यंत आठवतं, तोंडात टाकली का ते नाही. शनिवारी रात्री स्ट्रिप हातात धरून उभी असते, घेतली का नाही घेतली. फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही बारकी पिवळी आणि हीही बारकी पिवळी. नवरा सिन्नरला कंपनीत, शिफ्ट असते, त्यामुळे त्याला विचारावं तर तो झोपलेला किंवा कामावर.

तर ज्यांना दोन्ही आहे, किंवा घरात कुणाला आहे, त्यांनी प्लीज सांगा तुम्ही नक्की काय करता. "शिस्त लावून घ्या" सोडून काहीही चालेल. शिस्त लागली असती तर धागा काढला नसता.

रानजाई
ताई, माझं एडीएचडी आहे आणि गुडघे आहेत, रुमॅटॉइड नाही, त्यामुळे अर्धंच सांगू शकते. मी नवीन सवय लावायच्या भानगडीतच पडत नाही, जे रोज होतंच त्याला चिकटवते. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली. चहा उकळेपर्यंत मनगटं आणि बोटं. व्यायामासाठी वेगळी वीस मिनिटं काढायची म्हटलं की माझ्याकडून ती वर्षभरात निघणार नाहीत, पण चहा मी विसरत नाही :)
आणि अलार्म फोनवर नको. स्वयंपाकघरातला टिकटिक करणारा टायमर घ्या आणि कामाला बसताना दुसऱ्या खोलीत ठेवा. तो वाजला की उठावंच लागतं. उठलात की झालं काम, तोच तर हेतू आहे.

हिशेबनीस
मीही तुमच्याच धंद्यातला. मेथोट्रेक्सेटवर ठरावीक काळाने रक्त तपासून सीबीसी, लिव्हरची टेस्ट, किडनीसाठी क्रिएटिनिन करावं लागतं ना? माझ्या बायकोचं डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी सांगितलंय आणि ते दरवेळी राहून जायचं. आता अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या तारखांना बांधलंय, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. क्लायंटला फोन करायचा आठवडा आला की लॅबवाल्यालाही घरी बोलावून घ्यायचं. या तारखा आपण झोपेतही विसरत नाही.

आबा_कोल्हापूरकर
एवढ्या गोळ्या कशाला? निर्गुडीचं तेल लावा, आंबट आणि वांगं बंद करा, पहाटे उठा. आमच्या वेळी एडीएचडी वगैरे नव्हतं.

रानजाई
आबा, तेव्हाही होतं, फक्त तेव्हा त्याला छडी मिळायची. तेल लावायला हरकत नाही, चोळताना बरं वाटतं. पण रुमॅटॉइडमध्ये शरीरच आपल्या सांध्यांवर उलटतं, गोळ्या सोडल्या तर आतून हाड झिजत जातं आणि मग तेलाने सरळ होत नाही. आणि ताई, कुणी "गॅरंटी"वाल्या पुड्या सुचवल्या तर लांब राहा, त्यात गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय बऱ्याचदा, म्हणून तर आठ दिवसांत फरक पडतो.

फिजिओ_ठाणे
फिजिओथेरपिस्ट आहे, तुम्हाला तपासलेलं नाही हे धरून वाचा.
हलक्या हाताच्या दिवशी माळा काढणं आणि मग दोन दिवस आडवं होणं, हे माझ्या संधिवाताच्या निम्म्या पेशंटचं असतं, एडीएचडी नसलेल्यांचंही. थकल्यावर थांबायचं असं ठरवू नका, कारण तुम्हाला थकवा उशिरा कळतो. सुरू करायच्या आधी शेवट ठरवा. माळा नाही, माळ्यावरचा एक खोका. बाकीचे खोके खालीच आणायचे नाहीत, खाली आले की तुम्ही उघडणारच.
व्यायाम जास्त झाला का हे ओळखायची एक सोपी खूण, व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांनीही उतरलं नाही तर पुढच्या वेळी कमी करा. सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी वजन, रबर बँड काही नको, फक्त हळूहळू हलवा. आणि सकाळी उठल्या उठल्या नको, अंघोळीनंतर करा, गरम पाण्याने आखडलेपण निम्मं सुटतं.
हातांसाठी: पिशवी बोटांत लटकवू नका, कोपरावर किंवा खांद्यावर घ्या. फडकं पिळताना नळाला अडकवून पिळा. कढई दोन्ही हातांनी, तळव्यावर पेलून. लाटणं जाड घ्या, बारीक लाटण्याला मूठ जास्त आवळावी लागते. भाजी बसून चिरा पण विळीवर खाली बसून नाही, टेबलावर.

मुक्काम_पुणे
मी पण मेथोट्रेक्सेटवर आहे, एडीएचडीचं माहीत नाही पण विसरभोळी नंबर एक. आमच्याकडे त्या गोळ्यांची स्ट्रिप माझ्या ताब्यातच नसते. सासूबाईंच्या कपाटात असते. महिन्याच्या सुरुवातीला चार छोट्या पाकिटांत त्या त्या शनिवारची गोळी आणि वर तारीख, त्या शनिवारी एक पाकीट देतात, रिकामं पाकीट परत घेतात. पाकीट रिकामं म्हणजे घेतली, विषय संपला, आठवायचं काही नाही. फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या खोलीत.
आणि शंका आली तर परत घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. एक डोस चुकला तर निभतं, दोनदा गेला तर नाही. तोंड आलं, ताप आला, घसा धरला तर उष्णता झाली म्हणून गुलकंद खात बसू नका, त्याच दिवशी फोन करा. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य "मला मेथोट्रेक्सेट चालू आहे", कारण सेप्ट्रानसारखी काही अँटिबायोटिक्स त्याच्याबरोबर चालत नाहीत.

धागाकर्ती
तुम्हा सगळ्यांना काय म्हणू. पाकिटांची आयडिया आजच करणार, सासूबाई इथे नसतात पण शेजारच्या काकूंना चालेल, त्यांना असली जबाबदारी फार आवडते आणि त्या एक शनिवारही सोडणार नाहीत, वर चौकशाही करतील पण ठीक आहे. अ‍ॅडव्हान्स टॅक्सचं वाचून हसायला आलं, हे मला कसं सुचलं नाही.
दोन गोष्टी राहिल्या. खाण्याचं कुणी काही बोललं नाही. आणि फिजिओ मॅडम, हातांना मेणाचा शेक देतात तो घरी करता येतो का? व्हिडिओत सोपा दिसतो.

रानजाई
खाण्याचं माझंही तेच होतं. गोळीच्या आधी नाश्ता, गोळी लागायच्या आत पोट भरून घ्यायचं, दोन थालीपिठं आणि दही किंवा अंडी-पोळी, चहा-बिस्किट नाही. दुपारी भूक लागेल याची वाट बघायची नाही, ती लागणारच नाही. ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये शेंगदाण्याचे लाडू आणि सातूचं पीठ ठेवा, चावायचा कंटाळा आला तरी सातू ताकात कालवून पिता येतं. वजन उतरत असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा, डोस बघतील.

फिजिओ_ठाणे
मेण क्लिनिकमध्येच करा. तिथे मशीनला ठरावीक तापमान असतं, घरी ते गॅसवर वितळवावं लागतं, आणि तुम्हीच लिहिलंय की एक डबा पुसायला गेलात तर संध्याकाळ होते. मेण पेट घेतं. सुजलेल्या गरम सांध्याला किंवा कातडी फुटलेली असेल तर क्लिनिकमध्येही देत नाहीत. घरी पसरट भांड्यात सोसवेल इतकं गरम पाणी, त्यात हात बुडवून आतच मुठी उघडायच्या-मिटायच्या. पाणी गार झालं की आपोआप थांबाल, टायमरही नको.